सुनीता मीटिंग घेऊन राहिली

मंदाताई रामटेके ज्या शेअर ऑटोत बसतात, त्या ऑटोत आधी सगळ्यांचा परिचय होतो आणि मगच तो हलतो. भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवरच्या ऑटोवाल्यांना हे आता सवयीचं झालंय. ताई आत शिरतात, पदर सावरतात, पिशवी मांडीवर घेतात आणि म्हणतात, "चला, नाव, गाव अन् नावाच्या अक्षरावरून भाजी! मी मेथी मंदा. आता तुमी, भाऊ." भाऊ बिचारा दाढ काढायला निघालेला असतो. तरी गालावर हात ठेवून तो "गोविंदा... गवार" असं काहीतरी पुटपुटतो. एकदा एक हवालदार एका आरोपीला कोर्टात घेऊन चालला होता. कोर्टापाशी उतरेपर्यंत आरोपीचा दोडका दिलीप झाला होता आणि हवालदाराचा मिरची मनोहर. आत पुकारा झाल्यावर दिलीपनं काय नाव सांगितलं, ते मला कळलं नाही.

हा खेळ मुळात शिबिरातला. आमची संस्था गावविकासाचं काम करते. बचत गट, पाणी, रोजगार हमी असलं सगळं बघणाऱ्या आमच्या कार्यकर्त्या गावोगाव आहेत, आणि त्यांना शिकवून तयार करणं हे मंदाताईंचं काम. मी त्याच संस्थेत अहवाल लिहितो. माझं नाव प्रकाश, म्हणून रुजू झालो त्याच दिवशी मी पालक प्रकाश झालो. अजूनही कार्यकर्त्या फोन करून "पालक सर हायेत का?" असंच विचारतात. ऑफिसात नवी आलेली एक मुलगी बरेच दिवस समजत होती की मी कुठल्यातरी विद्यार्थ्याचा पालक आहे आणि रोज तक्रार घेऊन येतो. आमचे संचालक सुधाकरराव. त्यांच्या वाट्याला सुरण आलं, पण ते तोंडावर म्हणायची हिंमत एकट्या मंदाताईंची.

ताईंचं लग्न झालेलं नाही. आईवडील गेले, एक भाऊ आहे तो नोकरीच्या मागे छत्तीसगडात गेला तो तिकडचाच झाला. पण ताई एकट्या आहेत हे कुणाच्या डोक्यात येत नसे, कारण त्या कधी घरी सापडतच नसत. आज तुमसरला शिबिर, उद्या नाकाडोंगरीला बैठक, परवा जंगलाकाठच्या कुठल्यातरी टोल्यावरच्या चार घरांत. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला तेव्हा त्यांची निम्मी गावं पलीकडे गेली. हे त्यांना अजून मान्य नाही. "मायं अर्धं माहेर गोंदियाले देऊन टाकलं, अन् मले इचारलं पण नाई," असं त्या म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की जिल्हाधिकाऱ्यांनी खरंच निदान एक फोन करायला हवा होता.

त्या आमच्याच गल्लीत राहतात, आमच्या मागच्या बाजूला भाड्याच्या खोलीत. इतक्या वर्षांत मी ती खोली आतून पाहिलेली नव्हती. दिवाळीचा फराळ घेऊन गेलं की ताई दारातच डबा घेत, दारातच चाखत, दारातच चकलीवर अभिप्राय देत. "आत या म्हटलं असतं, पण घर लय पसरलं हाय," हे ठरलेलं वाक्य. माझ्या बायकोला खात्री होती की आत सोनं आहे.

तर अशा बाईवर ऑनलाइन कोर्स काढायची जबाबदारी आली.

सुधाकररावांनी एका सकाळी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की देणगीदारांना आता डिजिटल हवं आहे. कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण यापुढे मोबाइलवर होईल, पुण्याची एक कंपनी तो कोर्स बनवून देईल, मजकूर आपला आणि व्यवस्थापन मंदाताईंचं. कोर्स सुरू झाला की निवासी शिबिरं बंद, आणि तुमसरचं सभागृहही सोडायचं. हे शेवटचं वाक्य त्यांनी फाइलकडे बघत उच्चारलं.

ते सभागृह म्हणजे तांदळाच्या मिलशेजारची एक लांबलचक खोली. सतरंजीवर कायम कोंड्याची धूळ. पण मंदाताईंचं खरं घर तेच होतं. वर्षाचे कितीतरी दिवस त्या तिथं बायांमध्ये जेवत, बायांमध्ये झोपत, कोणाचं पोरगं मांडीवर घेऊन रोजगार हमीचा कायदा शिकवत. ते बंद करणारी गोष्ट आता त्यांनाच बनवायची होती. मला वाटलं ताई भांडतील. त्या म्हणाल्या, "हव, करू ना. पण करू तं चांगलं करू." मग पिशवी उचलून त्या निघून गेल्या. जिना उतरताना भेटलेल्या कुरिअरवाल्याचा परिचयही त्यांनी करून घेतला नाही. तेव्हा मला त्यांची काळजी वाटली.

पण ताई लवकरच पूर्वपदावर आल्या. पुण्याच्या कंपनीतली मधुरा नावाची मुलगी आमचं काम बघत होती. हुशार, गोड, बोलण्यात आदबशीर. पहिल्या व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "मॅडम, आपण आधी लर्निंग ऑब्जेक्टिव्ह्ज ठरवूया का?" ताई म्हणाल्या, "पहिले परिचय." कॉल संपला तेव्हा मधुराची मटार मधुरा झाली होती, तिच्या पलीकडे बसलेला चित्रकार अनिकेत अळू झाला होता, आणि ऑब्जेक्टिव्ह तसंच राहून गेलं होतं.

ताईंचा कोर्स कसा असावा याचा हिशेब सरळ होता. शिबिरात जे जे होतं ते ते सगळं त्यात पाहिजे. म्हणजे पहिल्या सत्रानंतर चहा. मधुराला वाटलं, चहा हे काहीतरी उदाहरण आहे. नंतर तिला कळलं की ताईंना खरोखर पडद्यावर वाफाळता कप हवा होता आणि तोवर कोर्स पुढे जायला नको होता.

"पण मॅडम, लर्नरला पुढे जायचं असेल तर? आपण स्किपचं बटण देतो ना."

"स्किप म्हणजे?"

"म्हणजे नको असलेला भाग सोडून पुढं जायचं."

"शिबिरातून कोणी मधातच उठून गेलं तं मी तिच्या मागं बस स्टँडपर्यंत जाते, पोरी. तुयं बटण जाईन का?"

मधुरानं स्किपचं बटण काढलं.

परीक्षेवरून तर फारच गंमत झाली. 'बैठकीत एकच माणूस बोलत असेल तर काय कराल?' या प्रश्नाला ताईंनी चार पर्याय दिले आणि खाली लिहिलं, 'सगळे बरोबर.' मधुरा म्हणाली, सिस्टिममध्ये एकच उत्तर बरोबर टाकता येतं. ताईंनी विचारलं, "कोण माणूस बोलून राहिला, ते सिस्टिमले मालूम हाय का? सरपंच असन तं येगळं, सरपंचाची सासू असन तं येगळं." शेवटी तडजोड म्हणून कोणतंही उत्तर निवडलं तरी 'बरोबर, पण माणूस पाहून' असं उमटेल, अशी सोय झाली. पुण्याच्या कंपनीनं असं पहिल्यांदाच केलं असावं.

मग चित्रीकरण. तुमसरच्या सभागृहात ताई कॅमेऱ्यापुढं उभ्या राहिल्या आणि शेजारची मिल धडधडत राहिली. मधुरानं फोनवर विचारलं, हा आवाज थांबवता येईल का? ताई म्हणाल्या, "मिल बंद झाली का आमच्या बायांले झोप येते." आवाज राहिला. खरी अडचण दुसरीच होती. ताई एक मुद्दा सांगत, "समजलं?" असं विचारत आणि कॅमेऱ्याकडे बघत थांबत. कॅमेरा काही बोलत नसे. ताई आणखी थांबत. मधुरानं ते सगळे शांत तुकडे कापून टाकले, तर ताई चिडल्या. "तिथं बाया 'हव' म्हणतात. ते कापलं तं त्या 'हव' कुठं म्हणतीन?" तुकडे परत जोडले गेले.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग सुनीता आली.

सुनीता ही ताईंनी रचलेली कार्यकर्ती. तिची एक चित्रगोष्ट करायची होती, म्हणजे हलती चित्रं आणि मागे आवाज. गोष्ट ताईंनी स्वतः लिहिली, आपल्या भाषेत. मी ती प्रमाण मराठीत करून देतो म्हटलं, तर म्हणाल्या, "पालक सर, तुमी अहवाल लिवा. बायांले आपली भाषा समजते." गोष्ट अशी सुरू होत होती: 'सुनीता गावात मीटिंग घेऊन राहिली. एक बाई बोलून राहिली. कोपऱ्यात पोरगं रडून राहिलं. म्हातारी जेवून राहिली.'

आता आमच्याकडे घेऊन राहिली म्हणजे घेते आहे. बोलून राहिली म्हणजे बोलते आहे. शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. पण पुण्याच्या अळू अनिकेतला कोण सांगणार? त्यानं मजकूर मन लावून वाचला आणि शब्दाला शब्द चित्र काढलं.

तयार चित्रगोष्ट आली तेव्हा ऑफिसात आम्ही सगळे लॅपटॉपभोवती जमलो. पडद्यावर सुनीतानं मीटिंग घेतली. मग सूर्य बुडाला. मग सुनीता एका कौलारू घरात गेली, तिथं खाटेवर गोधडी घेऊन झोपली, आणि तिच्या पायथ्याशी एक कोंबडी येऊन बसली. मीटिंग घेऊन राहिली ना ती, तिथंच! बाई बोलून झाल्यावर तोंड मिटून ताटकळत उभी होती. पोरगं रडून झाल्यावर डोळे पुसून हसत होतं. म्हातारीनं जेवून ढेकर दिला आणि तीही तिथंच आडवी झाली. मी हसून हसून टेबलाला धरलं. सुधाकररावांनी चष्मा काढून डोळे पुसले.

मंदाताई हसल्या नाहीत. "पुन्हा लावा," म्हणाल्या. पुन्हा लावलं. सुनीता झोपली तिथं त्यांनी थांबवायला सांगितलं, आणि त्या खाटेकडे बघत राहिल्या.

"हे चुकलं नाई," त्या म्हणाल्या. "हेच खरं हाय."

मग त्या जे बोलल्या ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. त्या कामाला लागल्या तेव्हा शेवटची बस निघून जायची आणि गावातच मुक्काम पडायचा. कोणाच्या ओसरीवर, कोणाच्या सासूच्या शेजारी. "मीटिंगमंदी बाई सरपंचाले आवडन ते बोलते. नवरा मारते, पोरीचं लगन ठरवून राहिले, हे ती कवा बोलते? अंथरूण टाकताना. आता आमच्या पोरी गाडीवर जातात, फोटो काढतात अन् चहाच्या आत घरी येतात. त्याहीचं काय चुकलं म्हणा. पण बाई कोणापाशी बोलन?" आणि त्यांनी तिथल्या तिथं मागणी केली की कोर्सची शेवटची परीक्षा प्रश्नोत्तरांची नको. एक मुक्काम, हीच परीक्षा.

सुधाकररावांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. बायकांची सुरक्षा, घरच्यांच्या तक्रारी, उद्या काही झालं तर संस्था अडकेल. त्यांचंही खोटं नव्हतं. ताईंनी वाद घातला नाही. 'सुरण' एवढंच म्हणाल्या, आणि तेही हळू.

वाक्यं प्रमाण मराठीत करून पाठवायचं काम मग माझ्याकडे आलं. पण चित्रं नव्यानं काढायला वेळ नव्हता, कोर्सची तारीख जाहीर झालेली. त्यामुळे शेवटी जे तयार झालं त्यात शुद्ध, गोड आवाजात 'सुनीता बैठक घेत आहे' असं ऐकू येई आणि पडद्यावर सुनीता गाढ झोपलेली दिसे, पायथ्याशी कोंबडीसकट. त्याखाली प्रत्येक धड्याला असे तशी सूचना होती: 'आता सुनीताने केले तसे तुम्हीही करा.'

कोर्सची पहिली चाचणी नाकाडोंगरीला झाली. भेंडी भारती, कांदा कल्पना, वांगं वनिता, अशा ताईंच्या जुन्या कार्यकर्त्या शाळेच्या व्हरांड्यात मोबाइल घेऊन बसल्या. व्हरांड्याच्या एकाच कोपऱ्यात रेंज येत होती, म्हणून सगळ्या एकमेकींना चिकटून. ताईंनी पडद्यावरून "समजलं?" विचारलं की सगळ्या एका सुरात "हव!" म्हणत. चहाचा कप आला तशी वनिता खरंच चहा करायला उठली. ताई माझ्या शेजारी उभ्या राहून हे पाहत होत्या आणि त्यांचं तोंड खुललं होतं.

सुनीताची गोष्ट मात्र त्यांनी फार गंभीरपणे पाहिली. संपल्यावर भारतीनं विचारलं, "मॅडम, मुक्काम कोणाच्या घरी करायचा?"

मी घाईनं सांगायला लागलो की ती चित्रातली चूक आहे. ताईंनी मला हातानं थांबवलं. "ज्याच्यासंग तुमचं लय बोलणं हाय, पण ज्याचं घर आतून पाह्यलं नाई," एवढंच त्या म्हणाल्या. मग आम्ही बसनं भंडाऱ्याला परत आलो आणि ताई सगळ्या वाटेत खिडकीबाहेर बघत होत्या.

पुढच्या आठवड्यात तुमसरच्या सभागृहाची किल्ली द्यायची होती. मी बरोबर गेलो. ताईंनी सतरंज्या झटकून, घडी घालून ठेवल्या, मिलवरच्या नव्या मुनीमाला किल्ली दिली आणि त्याचा परिचय करून घ्यायला विसरल्या. कोर्स सुरू झाला. सुधाकरराव खूश होते. ताई वेळेवर ऑफिसात येत, वेळेवर घरी जात, आणि सुट्टीच्या दिवशी आपल्या दारातल्या पायरीवर बसून असत. येणाऱ्या जाणाऱ्याला हटकतही नसत. मला ते बघवत नव्हतं.

एका शनिवारी संध्याकाळी आमची कडी वाजली. दारात मंदाताई. हजारो बायांना शिकवणारी ही बाई घामानं थबथबलेली होती.

"प्रकाशभाऊ, वहिनीले म्हणा, ताटं देता का? अन् पेले. अन् एखादी चादर. त्या आल्या ना!"

"कोण आल्या?"

"भारती, कल्पना, वनिता, सगळ्या! मुक्कामाले! मायाच घरी!"

मी आणि बायको ताटं घेऊन मागे गेलो. पहिल्यांदाच त्या खोलीत पाऊल टाकलं. काही पसरलेलं नव्हतं. पसरायला काही नव्हतंच. मांडणीवर एक ताट, एक वाटी, एक पेला. खुंटीवर एक टॉवेल. एक पाट, एक उशी. सगळं लख्ख घासलेलं आणि सगळं एकेकच. इतकी वर्षं दार अडवून ताई काय झाकत होत्या ते मला कळलं. सोन्याबद्दल बोलणारी माझी बायको पदर तोंडाला लावून मोरीपाशी जाऊन उभी राहिली.

बायांनी मात्र ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं होतं. येताना त्यांनी घरचा तांदूळ आणला होता, लाखोरीची डाळ आणली होती, वळकट्या आणल्या होत्या. वनितानं भात टाकला होता. भारती कांदा चिरत होती. ताई मध्येच उठून मदत करायला जात आणि सगळ्या मिळून त्यांना खाली बसवत.

"अवो, पण मायाच घरी काहून आल्या तुमी?" ताई म्हणाल्या. "मी गावातल्या घराचं म्हटलं होतं."

कल्पनानं डाळ ढवळता ढवळता उत्तर दिलं. "तुमी नाई का सांगतलं, ज्याचं घर आतून पाह्यलं नाई त्याच्या घरी? मायं बाळंतपण झालं तवा तुमी माया उशाशी होत्या. माया सासूसंग एका सतरंजीवर झोपल्या. अन् तुमच्या घरी चूल कोणत्या कोपऱ्यात हाय, मले मालूम नाई. मंग ओळख कायची, मॅडम?"

मंदाताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. भारती म्हणाली, कांदा मी चिरून राहिली अन् रडून तुमी राहिल्या. त्यावर ज्या सगळ्या हसल्या, त्यात ताईही होत्या. आम्हाला त्यांनी आग्रहानं जेवायला बसवलं.

आता तसं वरचेवर होतं. कोणाचं जिल्हा परिषदेत काम निघतं, कोणाला बँकेत यायचं असतं, कोणी पोरीला दवाखान्यात दाखवायला आणते. शेवटची बस चुकते, किंवा चुकली असं सांगितलं जातं. सुधाकररावांच्या कानावर गेलंय, पण ते बोलत नाहीत. गेल्या वेळी त्यांनी स्वतःच्या घरून एक गादी पाठवली.

परवा ताईंनी मला भांड्यांच्या बाजारात नेलं. आमची ताटं परत करायची, म्हणाल्या, किती दिवस वहिनीचा संसार वापरायचा. दुकानदारानं ताटांची चळत पुढं सरकवली आणि विचारलं, "ताई, घरी माणसं किती?"

मंदाताई घुटमळल्या. वरचं ताट उचलून त्यांनी पदरानं पुसलं.

"माणसं येऊन राहिली ना, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमी काढा."

दुकानदार भंडाऱ्याचाच होता. तो ताटं काढत राहिला, ताई ती बाजूला ठेवत राहिल्या, आणि मी पिशवी उघडी धरून उभा राहिलो.